'स्वभावच तसला' म्हणण्याआधी

माझा धाकटा दीर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. नवा मालक आधी त्याच्या लेखी देवमाणूस, मग हिशेबावरून एक शब्द बोलला की तोच चोर. मित्रांची, आमची, सगळ्यांची हीच गत. पाहुणे म्हणतात, रक्तच गरम.

तुमच्याकडेही असं असेल तर पहिल्यांदा बघा, हे किती वर्षं चाललंय आणि कुठंकुठं दिसतंय. नोकरी गेल्यावर किंवा दारूच्या नादात माणूस जसा वागतो, तेवढ्यावरून व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे स्वतःकडे नि माणसांकडे बघायची, वागायची रीतच वर्षानुवर्षं बिघडलेली असण्याचा मानसिक आजार, ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत साधारण 2 वर्षं किंवा जास्त टिकलेला त्रास धरतात, आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी लावतात. जिथली रीतच तशी, तिथं ते वागणं विकारात मोजत नाहीत. म्हणजे तिशीतला मुलगा पगार आईच्या हातात देतो म्हणून तो आजारी नाही! मोबाईलवरची चाचणी भरून नवऱ्याला 'नार्सिसिस्ट' (स्वतःच्याच प्रेमात बुडालेला) ठरवणाऱ्या मैत्रिणींना मी हात जोडते.

एक वही घाला. 'वाईट वागला' असं लिहू नका. आधी काय झालं, तो काय म्हणाला, किती वेळानं निवळला, झोप झाली होती का, ते लिहा. शाळेतल्या गोष्टीही आठवून टिपा, डॉक्टर त्याच विचारतात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथं नेताना देवदर्शनाची थाप मारू नका. "झोप लागत नाही म्हणतोस ना, ते दाखवू" एवढं खरं कारण पुरतं.

स्वभावावर गोळी नसते. झोपेसाठी, उदासीसाठी देतात, पण मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तो लांबतो. घरच्यांना हेच पचत नाही.

"मरतो" म्हणाला तर नाटक समजू नका. सरळ विचारा, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखाना गाठा.

तो ओरडत असताना समजावत बसू नका. "शांत झालास की बोलू" म्हणायचं आणि खरंच बोलायचं. पैशाचं आधी ठरवून ठेवा, भांडणात रक्कम वाढवायची नाही. आमच्याकडे सासूबाई गुपचूप देतात. त्यांच्याशी माझा वाद अजून चालूच आहे.