सोसायटीची कागदं कोणाला किती दाखवायची

मी सेक्रेटरी झालो तेव्हा आधीच्या काकांनी एक गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली, म्हणाले सगळं यात आहे. आणि खरंच सगळं होतं हो, 40 फ्लॅटचे आधार, पॅन, भाडेकरूंचे करार, आणि लिंक होती 'एनीवन विथ द लिंक'वर, म्हणजे ती चुकून ग्रुपवर पडली असती तर अख्खी बिल्डिंग आणि त्यांचे जावईसुद्धा बघत बसले असते.

तर आधी हे करा. फोल्डरवर राइट क्लिक, शेअर, खाली जनरल ॲक्सेस, तिथे रिस्ट्रिक्टेड. मग ज्याचं काम आहे त्याचाच ईमेल टाका. इथे गोची अशी की मोठा फोल्डर शेअर केला की आतलं सगळं आपोआप शेअर होतं, म्हणून हिशेबाचा फोल्डर आणि मेंबरच्या कागदांचा फोल्डर पूर्ण वेगळे ठेवा, एकात एक नको. खजिनदाराला मेंटेनन्सचा हिशेब लागतो, कोणाचं पॅन कार्ड कशाला? डाउनलोड आणि प्रिंट बंद करायचं सेटिंग पण आहे, ते करा, पण स्क्रीनशॉट काढणाऱ्याला कोण अडवणार.

वॉचमनला फ्लॅट नंबर, नाव, मोबाइल. बास.

आधारचं जरा नीट सांगतो. भाडेकरूला सांगा माय आधार साइटवरून मास्क्ड आधार काढ, त्यात 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात. ती पीडीएफ पासवर्डवाली असते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पासवर्ड काय तर नावाची पहिली 4 अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, हे शेजारच्या काकूंना पण माहीत असतं! झेरॉक्स घेत असाल तर त्यावर आडवं पेनाने लिहून घ्या, 'फक्त भाडेकरू नोंदीसाठी', सोसायटीचं नाव, तारीख, सही.

आता एक जण उठतोच, मी मेंबर आहे मला सगळं बघायचा हक्क आहे. वाद नका घालू. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम 154ब-8 दाखवा. उपविधी, ऑडिट झालेला ताळेबंद, मेंबरचं रजिस्टर, सभेची इतिवृत्तं तो बघू शकतो, ते अडवायचं पण नाही (काही कमिट्या तेही लपवतात, ते वेगळंच). पण हिशेबाच्या वह्यांमधला फक्त त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग. समोरच्या फ्लॅटवाल्याचं भाडं किती हे त्यात येत नाही.

कमिटी बदलली की त्याच दिवशी जुन्या लोकांचे ईमेल शेअरमधून काढा, राग येईल, येऊ दे. माझं नाव पण निघेल तेव्हा.

आणि ते झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढायचं बंद करा. अगदीच नाइलाज असेल तर समोर उभं राहून त्याच्या कॉम्प्युटरचा डाउनलोड फोल्डर उघडायला लावा, आपली फाइल उडवा, मग रिसायकल बिनमधून पण. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचं पासबुक तिथे तसंच पडलेलं होतं.