ग्रीक खांबाचा बाक काढताना या चुका टाळा

ग्रीक देवळाचा खांब रेखाटताना सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो एन्टॅसिस, म्हणजे खांबाच्या कडेला दिलेला अगदी सौम्य बाक. खांब पिंपासारखा दिसत असेल, तर आधी मधली रुंदी तळाच्या रुंदीशी ताडून पाहा. मधली जास्त भरली, तर चूक तिथेच आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाचा खांब तळाशी साधारण १.९ मीटर, तर माथ्याशी दीड मीटरच्या आसपास आहे. मध्ये तो कुठेही तळापेक्षा जाड होत नाही. वर निमुळताच होत जातो, फक्त सरळ रेषेत नाही.

बाक किती द्यायचा, इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. १०.४३ मीटर उंचीच्या त्या खांबाची कड सरळ रेषेच्या बाहेर येते ती जास्तीत जास्त पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. ६० सेंटिमीटरच्या चित्रात हे जेमतेम १ मिलिमीटर! पेन्सिलची रेघ जाड असली की बाक तिच्यातच बुडाला.

नुसत्या हाताने हे साधत नाही, आणि त्यावरचा तोडगा ग्रीक कारागिरांकडेच होता. आजच्या तुर्कस्तानातल्या दिदिमा इथल्या अपोलोच्या देवळात, भिंतींवर कोरलेली कामाची रेखाटनं वास्तू-संशोधक लोथार हासेलबेर्गर यांना १९७९ मध्ये सापडली. देऊळ अपुरं राहिलं, भिंतींवर शेवटचा हात फिरला नाही, म्हणून त्या रेघा टिकल्या. त्यात खांबाची रुंदी पूर्ण मापाची, उंची मात्र १६ पट दाबलेली: एका फुटाला एक बोट. अशा दाबलेल्या आकृतीत बाक ठळक होतो आणि वर्तुळाच्या साध्या कंसाने काढता येतो. मग आडव्या रेषांवरच्या रुंद्या मोजून खऱ्या उंचीवर न्यायच्या. कॅडमध्येही (संगणकावर रेखाटताना) हेच करा, फार सुंदर पद्धत आहे.

पन्हळींची, म्हणजे खांबावरच्या उभ्या खाचांची, रुंदी तळापासून माथ्यापर्यंत एकसारखी ठेवू नका. पार्थेनॉनच्या खांबाला २० पन्हळी आहेत आणि खांबाबरोबर त्याही अरुंद होतात. खालचा तृतीयांश भाग सरळ ठेवून वर बाक देण्याची रीत इटालियन वास्तुविशारद व्हिन्योलाच्या १५६२ च्या ग्रंथात आहे. ती पार्थेनॉनच्या खांबाला लावू नका.

आणखी एक, टिपण लिहिताना होणारी चूक. ‘सरळ खांब मध्ये खपाटीला गेल्यासारखा दिसतो, म्हणून हा बाक’ हे एकमेव कारण म्हणून ठोकून देऊ नका. इटलीतल्या पेस्टमला, इ.स.पू. ५५० च्या सुमारास बांधलेल्या हेराच्या देवळात, खांबांचा बाक लांबूनही नजरेत भरतो. तो केवळ हा भास घालवण्यासाठी दिलेला वाटत नाही.