‘मी उठलो’चं ‘मी उठले’ केलं तेव्हा

कोल्हापुरात एका साप्ताहिकाचं अनुभवाचं पान मी अकरा वर्षं बघतोय. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकून आलो तेव्हा बातमीदार व्हायचं होतं. आधी मुद्रितशोधनाला बसवलं, तिथून या पानावर आलो. आता या कामात येऊ म्हणणारी मुलं भेटतात, तेव्हा त्यांना वाटत असतं की संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि भाषा ‘चांगली’ करायची. मलाही तसंच वाटायचं.

२०१९ च्या ऑगस्टमधला पंचगंगेचा पूर ओसरला आणि नदीकाठच्या एका गावातून वहीची सहा पानं आली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. एका शेतकरी बाईंनी लिहिलं होतं, ‘पहाटे मी उठलो, परड्यात गेलो, तर पाणी म्हशीच्या गुडघ्याला लागलेलं.’ मला वाटलं, घाईत चुकलंय. सगळीकडं ‘उठले’, ‘गेले’ केलं, ‘परड्यात’चं ‘परसात’ केलं. अंक छापून गेला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘सर, लेख झ्याक झालाय, पर ह्यो माझा न्हाई. मी असं बोलत न्हाई.’

आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. माझी आजी आयुष्यभर तसंच बोलली. तिचं बोलणं मला कधी चुकीचं वाटलं नाही. कागदावर दिसलं मात्र आणि हात लाल पेनकडं गेला. त्या फोनची खंत अजून आहे.

शुद्धलेखनाचे नियम पाठ हवेतच. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा. पण ‘पाणि’चं ‘पाणी’ करणं वेगळं आणि माणसाचं बोलणं बदलणं वेगळं. शंका आली तर फोन करा. मी आता लेख पहिल्यांदा पेन बाजूला ठेवूनच वाचतो, दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचतो. अडखळतो तिथं खूण करतो, दुरुस्ती नाही.

या कामाचा अर्धा वेळ फोनवर जातो, आणि मला त्यातच खरं संपादन दिसतं. त्याच बाईंनी २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर पुन्हा लिहिलं. या वेळी मजकूर होता ‘होत्याचं नव्हतं झालं, निसर्गापुढं कुणाचं चालत नाही’ असा. बहुधा छापून आलेलं वाचून तसं लिहावं असं त्यांना वाटलं असणार. मी संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर फोन केला आणि एकच विचारलं, ‘घर सोडताना हातात काय होतं?’ थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चुलीवरचा भात. शिजला न्हवता. पातेलं तसंच कापडात बांधून ट्रॅक्टरवर घेतलं, आणि शाळंत गेल्यावर तिथल्या चुलीवर शिजवलं.’ म्हटलं, हेच लिहा, आणि याच शब्दांत. त्यांनी अर्धं पान लिहून पाठवलं. त्यातला मी एक स्वल्पविराम हलवला.

आठवणीतले तपशीलही तपासावे लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या मनात एकमेकांत मिसळतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पाठ असलं की लेखातला ‘धोका पातळीच्या खाली, ४५ फूट’ लगेच खटकतो. लेखकाला खोटं ठरवायचं नसतं. एक आकडा चुकला तर वाचक उरलेल्या लेखावरही शंका घेतो.

सगळ्यात जड काम म्हणजे लेखातल्या दुसऱ्या माणसांचं. एकानं भावाबरोबरच्या वाटणीवर लिहिलं होतं, फार खरं. भावाचं नाव बदललं, गावाचं नाव काढलं, आणि मी निश्चिंत झालो. पण लेखात त्या भावाचं गुऱ्हाळ होतं, चुलवाणापाशी, म्हणजे रस उकळायच्या भट्टीपाशी, ऊस गाळपाच्या वेळी लागलेली आग होती. त्या पंचक्रोशीत ती आग सगळ्यांना माहीत. नाव बदलून उपयोग काय? लेख महिनाभर थांबवला, लेखकाला म्हटलं की आधी भावाला वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवला. भावानं एक वाक्य काढायला सांगितलं, आगीचं नव्हे, आईच्या दागिन्यांचं. ते काढलं. तुमच्यापुढं असा लेख येईलच. तेव्हा छापायची घाई करू नका, पान दुसऱ्या मजकुरानं भरता येतं.

तांत्रिक बाजू महिनाभरात येते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून शेवटचं वाचन पडद्यावर नको, छापील प्रुफावर करा.

काम मागायला याल तेव्हा स्वतःचे लेख आणू नका. घरातल्या कुणाकडून तरी, आजी, काका, शेजारचे रिक्षावाले मामा, पानभर लिहून घ्या, नाहीतर बोललेलं उतरवून घ्या. मग ते संपादित करा आणि दोन्ही पानं घेऊन या. मी मूळ पान आधी वाचतो.