शेअर्ड होस्टिंगवर स्क्रिप्ट रात्रभर चालवू नका, क्रॉनला लावा

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानाची वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवर (म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असेल, तर स्टॉक अपडेट करणारी आणि ऑर्डरचे मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट बॅकग्राउंडला रात्रभर चालवायच्या फंदात पडू नका. लांबलेली प्रोसेस होस्टिंगवाले बहुधा मध्येच बंद करतातच, आणि त्यांचंही बरोबर आहे, सर्व्हर सगळ्यांचा. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारं काम, लावा: दर 15 मिनिटांनी थोड्याच चादरी-टॉवेलचा स्टॉक अपडेट करायचा, कुठवर आलो ते डेटाबेसमध्ये टिपायचं. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक (फाइलला कुलूप लावणारी सोय) हवाच; नाहीतर एकाच ऑर्डरचे दोन मेसेज गिऱ्हाइकाला जातात. स्क्रिप्ट पब्लिक फोल्डरबाहेर ठेवा, म्हणजे ब्राउझरमधून कुणाला ती चालवता येणार नाही. आणि हो, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल, तर रात्री 2 ला लावलेलं काम सोलापुरात सकाळी 7:30 ला सुरू होतं. रात्री 2 लाच हवं असेल तर वेळ 20:30 टाका.