बंद फोर्जिंग कारखान्याची नोंद करू इच्छिणाऱ्यांसाठी

वर्धा जिल्ह्यातील एका गावाबाहेर, कपाशीच्या शेतांना लागून, एक फोर्जिंगचा, म्हणजे तापवलेले पोलाद ठोकून भाग घडवण्याचा, कारखाना कित्येक वर्षांपासून बंद आहे. जुन्या उद्योगांच्या नोंदी करण्याचे माझे काम तिथूनच सुरू झाले. या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी जमीन पाहावी असे माझे ठाम मत आहे, कारण यंत्रे बहुधा भंगारात गेलेली असतात, पाया मात्र कोणी उचलून नेत नाही.

मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये आणि एकट्याने कधीही जाऊ नये. जाड तळाचे बूट आणि बॅटरी हवीच. छपराचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. फुटलेल्या तुकड्यांना हात लावू नये. पावसाळ्यात खड्डे पाण्याने व गवताने झाकले जातात, म्हणून मी हिवाळ्यात जातो.

त्या शेडमध्ये मला प्रथम दिसला तो खोल चौकोनी खड्डा आणि त्याच्या तळाशी कुजलेले लाकडी ओंडके. घणाचा, म्हणजे ड्रॉप हॅमरचा, हादरा थेट पायात जाऊ नये म्हणून ऐरणीखाली असे लाकूड घालत असत. ऐरणीचे वजन पडणाऱ्या भागाच्या साधारण 15 ते 20 पट ठेवले जाई. खड्ड्याच्या एका बाजूला काजळलेल्या विटा होत्या, म्हणजे भट्टी तिथे होती, कारण सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पोलाद सांडशीने चार पावलांत घणाखाली आणावे लागते. उशीर झाला तर ते थंड होऊन डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, नीट भरत नाही. दुसऱ्या बाजूला मातीत फ्लॅशचे, म्हणजे डायच्या फटीतून बाहेर येणाऱ्या कडेचे, गंजलेले तुकडे पडले होते, त्यावरून ही कड कापणाऱ्या ट्रिमिंग प्रेसची जागा कळली. एकही यंत्र शिल्लक नसताना कामाचा सगळा क्रम असा हाती लागला.

डाय सापडल्यास ती त्याच दिवशी मोजावी. पहिल्या भेटीत मी केवळ छायाचित्रे घेतली आणि मापे पुढच्या वेळी घेऊ असे ठरवले. महिन्याभराने गेलो तेव्हा तिथल्या डाय भंगारात विकल्या गेल्या होत्या, आणि ती चूक मला आजही सलते. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: पोलाद थंड होताना आकसते, म्हणून डायमधील पोकळी तयार भागापेक्षा सुमारे दीड टक्का मोठी कोरलेली असते. पोकळीचे माप हेच भागाचे माप समजून नोंदवले, तर नोंद चुकते.

जाण्यापूर्वी परिसराचा इतिहासही वाचावा. विदर्भात लोखंडाचे काम फार जुने आहे: नागपूर जिल्ह्यातील नैकुंडच्या उत्खननात महापाषाणकालीन लोहभट्टी मिळाली, आणि जमशेदजी टाटांच्या पोलादाच्या योजनेत आधी नजर होती ती चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजावर. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही आणि शोध पुढे सरकला.

पण कारखान्याची खरी माहिती कामगारांकडे असते. गावातील एका वृद्ध हॅमरमनकडे, म्हणजे घण चालवणाऱ्या कामगाराकडे, मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, “बाबू, घाव बराबर बसला का नाही, हे आवाजावरूनच समजे.” हे सांगताना त्यांनी खाटेच्या माचव्यावर बोटांनी ठोके दिले, दोन हलके आणि मग एक जड, पहिल्या दोन घावांत माल डायमध्ये बसवायचा आणि तिसऱ्यात भरायचा, हा कोणत्याही कागदावर नसलेला क्रम मला त्या ठोक्यांतून मिळाला. ज्या आवाजावर त्यांचे काम चाले, त्यानेच त्यांचे कान गेले आहेत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, 1948 च्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, पण त्यांची तपासणी कधी झाली नाही असे ते सांगतात. त्यामुळे ध्वनिमुद्रण यंत्रासोबत मी आता जाड शाईचे पेन आणि कोरी वही नेतो, प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर धरतो, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत थांबतो.