लवकर निवृत्त होऊन जगभर फिरायचंय? या चुका टाळा

"वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पैसे जमलेत, आता राजीनामा देऊ ना?" हा प्रश्न आला की मी आधी उलट विचारते, कुठल्या वर्षाच्या खर्चाच्या? बहुतेकांनी गेल्या वर्षीचा घरचा खर्च धरलेला असतो. प्रवासातलं वर्ष तसं नसतं. त्यात व्हिसाची फी असते, खोलीची अनामत असते, विमा असतो, घरून वाईट बातमी आली की रातोरात काढायचं तिकीट असतं. सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या खर्चाला 24 ने गुणणारेही भेटतात. तेही चूकच, कारण सुट्टीत आपण हात सैल सोडतो. बिनपगारी रजा घ्या, एका परक्या शहरात तीन महिने भाड्याने राहा, स्वतः स्वयंपाक करा आणि त्या हिशोबाला चारने गुणा. एवढा धीर नसेल तर राजीनाम्याची घाई करू नका.

25 पटीचा आकडा आला कुठून, हेही बघायला हवं. 1994 मध्ये विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने तिथल्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासला. पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी रक्कम वाढवायची. असं केलं तर पैसा किमान 30 वर्षं पुरतो, असं त्याला आढळलं. पासष्टीला निवृत्त होणाऱ्याला 30 वर्षं पुष्कळ झाली. चाळिशीत निघणाऱ्याला 50 वर्षं काढायची आहेत. मी साडेतीन टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे साधारण 29 पट. दोन-तीन वर्षं जास्त नोकरी करावी लागते, ती करावी.

आता ज्या चुकीने आम्हा दोघांना खरंच रडवलं, ती सांगते. जानेवारी 2008 मध्ये आम्ही नोकऱ्या सोडल्या. पुंजी बरोबर 25 पट, जवळजवळ सगळी शेअर बाजाराच्या फंडांत. रोख रक्कम चार महिन्यांची. सरासरी परतावा चांगला आहे, मग पैसे नुसते कशाला पडू द्यायचे, असा आमचा विचार. त्या वर्षी जगभरचे बाजार कोसळले. ऑक्टोबरात आम्ही पुढच्या महिन्याच्या भाड्यासाठी पडत्या भावात युनिट विकत होतो.

गणित मांडून बघा. पुंजी 100, खर्च 4. पहिल्या वर्षी 4 काढले, उरले 96. बाजार 35 टक्के पडला, उरले 62.4. खर्च तोच 4, पण आता तो पुंजीच्या 6.4 टक्के झाला. हीच पडझड पंधराव्या वर्षी आली असती तर वाढलेल्या पुंजीने बहुधा सोसली असती. सरासरी सारखीच असली तरी वाईट वर्षं आधी येतात की नंतर, यावर सगळं ठरतं. बाजार मार्च 2009 मध्ये तळाला जाऊन वर फिरला, पण आम्ही विकलेली युनिटं त्या चढाला आमच्याकडे नव्हती.

आम्ही तेव्हा होतो त्याच गावात थांबलो. महिन्याच्या भाड्याने खोली घेतली, मी हिशोब लिहायची कामं धरली, आणि सात महिने एकही तिकीट काढलं नाही. खर्च जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा कळलं की पैसा फिरण्यात जातो, राहण्यात कमी. तेव्हापासून दोन वर्षांचा खर्च मी बाजाराबाहेर ठेवते. बाजार पडला की त्यातून खायचं, चढला की तो पुन्हा भरायचा. "त्यावर व्याज किती कमी मिळतं!" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी पडत्या बाजारात भाडं भरलेलं नसतं.

पहिल्याच वर्षी दहा-बारा देश उरकायचा बेतही याच घाईतला. एका ठिकाणी किमान दोन महिने राहा.

विमा: आधीपासूनचे आजार बहुतेक प्रवास विम्यांत धरलेले नसतात. पॉलिसी विकत घेण्याआधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा.

कार्डाचं यंत्र "तुमच्या चलनात पैसे भरू का?" विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनातला दर जवळपास नेहमीच महाग पडतो.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर कित्येक देश आत घेत नाहीत.

कर: एका देशात वर्षात 183 दिवस भरले की पुष्कळ ठिकाणी तुम्ही तिथले करदाते ठरता. काही देशांत त्याआधीही. मुक्काम लांबवण्याआधी चौकशी करा.

शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले, दिवस मोजण्यात मात्र शहाणी माणसंही चुकतात. नियम आहे कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. हे 90 दिवस सगळ्या शेंगेन देशांना मिळून आहेत. दोन दिवस बाहेर जाऊन आलं की मोजणी शून्यावर येते, हा समज साफ खोटा आहे. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात, त्या दिवसापासून मागे 180 दिवस मोजायचे. आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही दिवस धरायचे. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने बाहेर जाऊन येण्याच्या भरवशावर तीन महिन्यांच्या खोलीचे पैसे आगाऊ भरले. सीमेवर त्यांना परत पाठवलं, पैसे बुडाले. ऑक्टोबर 2025 पासून तिथे ये-जा टप्प्याटप्प्याने संगणकावर नोंदली जाऊ लागली आहे, त्यामुळे शिक्का अस्पष्ट असल्याचा आधारही गेला. मी वहीत रोज तारीख लिहिते आणि 80 दिवसांना निघते. उरलेले दहा दिवस आजारपणाला आणि चुकलेल्या विमानाला.

आणि घरी परतायच्या दोन तिकिटांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. आम्हाला ते आजवर दोनदा लागले. एकदा सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, फोन आल्यापासून चार तासांत आम्ही विमानतळावर होतो.