आत्मपरीक्षण करताय? मग या चुका टाळा

वीस-बावीस वर्षं आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांचा शास्त्राभ्यास घेतो आहे. दर लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) आणि दर वॉच नाइटला (३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला) आत्मपरीक्षणाचा विषय निघतो आणि दर वेळी त्याच चुका पुन्हा समोर येतात. ‘माझा खरंच नवा जन्म झाला आहे का?’, म्हणजे ख्रिस्तामुळे मी आतून बदललो आहे का, यापेक्षा मोठा प्रश्न ख्रिस्ती माणसापुढे नाही असं मी मानतो. म्हणून तो कुणी घाईघाईत उरकताना दिसला की जीव तुटतो.

आधी त्या वचनाबद्दल बोलू. ‘आपली परीक्षा करा, आपली प्रतीती पाहा’, करिंथकरांस दुसरे पत्र, १३:५. हे वचन आपल्याकडे दुसऱ्यांना पाठवायची पद्धत पडली आहे. जरा दोन वचनं मागे जा. ख्रिस्त तुझ्या तोंडून बोलतो याचं प्रमाण दे, असं करिंथ शहरातल्या मंडळीचे लोक प्रेषित पौलाला म्हणत होते. पौलाने तोच प्रश्न त्यांच्याकडे वळवला. ज्यांना दुसऱ्याची परीक्षा घ्यायची घाई झाली होती, त्यांनाच हे लिहिलेलं आहे. ते व्हॉट्सॲपवर दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला पाठवण्याआधी अख्खा अध्याय वाचा.

रडू आलं म्हणजे पालट झाला, असं समजणं

ही चूक मी स्वतः चार वर्षं केली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

वडील गेले तेव्हा आमच्या घराची रस्त्याकडची खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिलेली होती. महिन्याला अडीच हजार. धाकटा भाऊ चंद्रपूरला नोकरीला. भाडं मी घेत होतो, कारण घर मी सांभाळत होतो. कौलं, नळ, घरपट्टी, सगळं मीच पाहतो, मग त्याला वेगळं काय द्यायचं, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

याच चार वर्षांत मी मंडळीत सगळ्यात जास्त साक्षी दिल्या. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत डोळे भरून यायचे. प्रार्थनासभेत माझा आवाज दाटून यायचा, लोक येऊन हात धरायचे. ते रडू खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. वधस्तंभाचा विचार आला की खरंच गलबलून यायचं. पण मी त्या रडण्यालाच पुरावा धरलं होतं आणि त्याच्या पलीकडे पाहायचं सोडून दिलं होतं.

एका शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीची, तयारी म्हणून शास्त्र उघडून बसलो होतो. बायको समोर मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘अहो, भाऊजींच्या भाड्याचं काय करून राहिले तुम्ही?’’

मला राग आला. घराचा खर्च किती होतो हे तिला माहीत होतं. मी कपाटातून वही काढली, तिला दाखवायलाच. अठ्ठेचाळीस महिन्यांचं भाडं, एक लाख वीस हजार. खरोखर झालेला दुरुस्तीचा आणि घरपट्टीचा खर्च पावत्यांसकट जोडला, तो चौदा हजार निघाला. उरले एक लाख सहा हजार. त्यातले त्रेपन्न हजार भावाचे. आकडा मी पेनाने लिहिला. पेन खाली ठेवल्यावर कितीतरी वेळ बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

लूक ३ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सांगतो, पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? त्याची उत्तरं वाचा. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कुणाला लुबाडू नये, आपल्या पगारात समाधान मानावं. कपडा, वसुली, पगार. भावना किती उचंबळली हे तो कुणालाच विचारत नाही. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरीही तेच झालं. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, हे तो बोलला, तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं आहे. तारण त्याने विकत घेतलं नाही, ते तर पाहुणा होऊन त्याच्या दारी आलं. पण आलं आहे हे कळलं ते पैशांच्या हिशेबातून.

आणि रडण्याचंच म्हणाल, तर पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता. तीस रुपये परत नेऊन देण्याइतका झाला होता. पण तो प्रभूकडे वळला नाही. येशूला तीनदा नाकारलेला पेत्र वळला.

मी तीन हप्त्यांत पैसे पाठवले. पहिल्या हप्त्यानंतर भावाचा फोन आला. वाटलं, तो गहिवरेल. तो म्हणाला, ‘‘दादा, पैसे आले. पण आईच्या दवाखान्याच्या वेळी तू मला माझ्या वाट्याच्या पावत्या मागितल्या होत्या.’’ मी ते विसरून गेलो होतो, त्याच्या लक्षात होतं. पुढे सात-आठ महिने तो कामापुरतंच बोलला. हेही सहन करायचं असतं. परतफेड केली म्हणून समोरच्याने लगेच गळ्यात पडलंच पाहिजे, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आधी वही उघडतो, मग शास्त्र. कुणाचं देणं आहे? कुणाची वस्तू आपल्याकडे पडून आहे? कुणाला शब्द दिला आणि पाळला नाही? मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे, ते मी अक्षरशः घेतो.

खर्रा सुटला, आता झालं

नागपुरात तरुणांच्या दर दुसऱ्या साक्षीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं व्यसन, असतो. सुटला याचा मला मनापासून आनंद होतो, घरच्यांचे आशीर्वाद लागतात. पण खर्रा डॉक्टरच्या धाकानेही सुटतो. इफिसकरांस पत्रात (४:२८) पौल चोराला काय सांगतो ते पाहा. चोरी सोड, एवढ्यावर तो थांबत नाही. आपल्या हातांनी कष्ट कर, आणि ते कशासाठी, तर गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असावं म्हणून. घेणारा हात देणारा झाला की चोराचा पालट पुरा होतो. म्हणून मी मुलांना विचारतो, खर्ऱ्याचे रोजचे पैसे वाचले ना, आता ते जातात कुठे?

पिढीजात ख्रिस्ती असणं

स्कॉटिश मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये नागपुरात आले. आमचे पणजोबा त्यांच्या मिशनच्या काळातले, असं सांगणारी घराणी इथे आहेत आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, ते ऐक्य २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात झालं, तेही आपल्या आठवणीतलं. पण अब्राहाम आमचा बाप आहे असं म्हणू नका, हेही योहानाने त्याच लोकांना सांगितलं होतं. पणजोबांचा विश्वास पणजोबांचा.

रोज उकरून पाहणं

ही चूक रडण्याला पुरावा धरण्याच्या पहिल्या चुकीच्या अगदी उलट आहे आणि ती प्रामाणिक पोरांनाच लागते. त्यामुळे तिचं मला जास्त भय वाटतं.

आमच्या गटात एक मुलगा होता, इंजिनिअरिंगला. त्याने कुठूनतरी दहा प्रश्नांची यादी मिळवली आणि रोज रात्री वहीत स्वतःला गुण द्यायला लागला. प्रार्थना दहापैकी चार. विचारांची शुद्धता दहापैकी दोन. गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ त्याने नऊ रकान्यांत मांडलं होतं, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत, आणि खाली टक्केवारी. एकदा ती वही त्याने मला दाखवली. रबराने खोडून खोडून पानं विरली होती. आठ महिने त्याने प्रभुभोजन घेतलं नव्हतं. ‘‘काका, मी अजून लायकच नाही झालो.’’

मी त्याला करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय काढायला लावला आणि २८ वं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. माणसाने आत्मपरीक्षण करावं, आणि मग? मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षण करून घरी बसावं असं तिथे नाही. तो ते तीनदा वाचत राहिला.

मग मी त्याला इतवारीच्या सराफ्यात घेऊन गेलो. ओळखीच्या सराफाकडे बायकोची जुनी अंगठी दाखवायची होतीच. त्याने काळ्या कसोटीवर एकदा ओढली, बारीक पिवळी रेघ उमटली, त्यावर ॲसिडचा थेंब सोडला, पाहिलं आणि अंगठी परत दिली. दिवसभर ती घासत बसला असता तर अंगठीच झिजली असती. पौलाने ‘प्रतीती पाहा’ला जो ग्रीक शब्द वापरला, दोकिमाझो, तो धातू आणि नाणी पारखण्याच्याच व्यवहारातला. पारख होते ती खरं सोनं खरं म्हणून घ्यायला. मी म्हटलं, ‘‘अरे बाबू, तू रोज घासून राहिला.’’ त्याने ती वही फाडली नाही, मीही सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी तो प्रभुभोजनासाठी पुढे आला आणि गुडघे टेकले.

माझं स्पष्ट मत आहे: स्वतःकडे एकदा पाहिलंत तर ख्रिस्ताकडे दहादा पाहा. आणि स्तोत्र १३९ च्या शेवटी दावीद झडती घ्यायचं काम देवाकडेच सोपवतो, हे विसरू नका. आपलं मन आपल्याला दोन्ही बाजूंनी फसवतं.

बाकीच्या चुका

आत्म्याचं दान (चमत्काराचं सामर्थ्य वगैरे) आणि आत्म्याचं फळ एक समजू नका. ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणणाऱ्यांनी भुतंसुद्धा काढली होती, मत्तय ७ वाचा.

शेजाऱ्याशी तुलना करू नका. येशूच्या दाखल्यातल्या, मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परुश्याने (कर्मठ यहुदी माणसाने) तेच केलं आणि रिकामा घरी गेला.

वॉच नाइटला वर्षाचा हिशेब एका रात्रीत उरकू नका.

एकट्याने करू नका. जो आपल्यासोबत राहतो त्याला विचारा. सासूला विचारा, हाताखालच्या माणसाला विचारा, घरी भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा. मंडळीतल्या मित्रांना आपण रविवारचे दिसतो.

घाई

बाप्तिस्मा होऊन तीन आठवडे झालेल्या पोराच्या हातात माइक देणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. हा त्या पोरावर अन्याय आहे. नवशिक्याला मंडळीचा अध्यक्ष करू नये, असं पौल तीमथ्याला लिहितो. तो स्वतः दिमिष्काच्या वाटेवर प्रभूला भेटल्यानंतर अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राला भेटला. आपल्या जवळचं उदाहरण कवी टिळकांचं. नागपूर-राजनांदगाव गाडीत ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार आला, १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या माउलीने काय काय सोसलं, किती गोष्टी मनाशी पुन्हा पुन्हा पारखल्या! तो काळ वाया गेला असं कोण म्हणेल?

म्हणून नव्या मुलांना मी महिन्यांचे प्रश्न विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी राग आला की काय करायचास? आता काय करतोस? माफी मागायला तेव्हा किती दिवस लागायचे, आता किती लागतात? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पूर्वी महिना लागायचा. आता संध्याकाळपर्यंत तो वडिलांकडे जातो. रागीट अजूनही आहे.

मागच्या शनिवारी आम्ही दोघं पुन्हा तसेच बसलो होतो. वहीत काही बाकी नव्हती. बायको म्हणाली, ‘‘झेरॉक्सवाल्याचं भाडं वाढवलं ना तुम्ही मार्चपासून? भाऊजींना कळवलं?’’

मी चंद्रपूरला फोन लावला.